नवी व्हती तवा तेरा हजार सातशे

तुम्हीच सांगा, तेहतीस वर्षं वापरलेली वस्तू नव्या किमतीपेक्षा जास्त पैशाला विकली तर ते पाप आहे का? नाही ना? मग हे आमच्या मामंजींना कुणीतरी समजावून सांगा हो, माझे सासरे, पुंजाराम अण्णा. मी सांगून थकले, आणि खरं तर मी सांगायला गेले म्हणूनच सगळा घात झाला...

आमच्याकडं एक जीप आहे. मामंजींनी पासष्ट साली कोरी करकरीत घेतलेली. चारी चाकांनी ओढणारी. म्हणजे साध्या गाडीची दोनच चाकं ओढतात, हिचा तो बारका दांडा ओढला की पुढचीही ओढायला लागतात. हे मला कसं ठाऊक? अहो, एकोणीस वर्षं झाली लग्नाला, रोज ऐकते. पाहुणा दारात आला, अजून पाण्याचा तांब्या हातात नाही, की मामंजी सुरू. "ही नवी व्हती तवा तेरा हजार सातशे. रोख मोजले." पाहुणा व्याही असो नाहीतर पोलिओचा डोस पाजायला आलेली नर्स असो. आमची सोयरीक जुळत होती तेव्हा माझ्या वडिलांनी विचारलं, मुलगा काय करतो? तर मामंजी म्हणाले, "नवी व्हती तवा तेरा हजार सातशे." वडिलांना वाटलं, चांगलं घर दिसतंय.

आता ही जीप उभी कुठं असते? दाराजवळच्या पत्र्याच्या खोलीत. आणि मला त्याच खोलीत पिठाची गिरणी टाकायची आहे. आमच्या गावात गिरणी नाही. जवारीचा डबा डोक्यावर घ्यायचा, दीड कोस राजूरला चालायचं, तिथं पोचावं तर लाइट गेलेली, आणि चतुर्थी असली तर गिरणीवालाच गणपतीच्या रांगेत. आठ वर्षं झाली, मी मोटरीसकट गिरणीची किंमत विचारून ठेवते. दर वर्षी वाढते. मामंजींची तेरा हजार सातशेवर थांबली, माझी कुठं थांबतच नाही.

तर त्या दिवशी जालन्याचे भुजंगराव आले. बियाण्याचे व्यापारी, पण नाद जुन्या गाड्यांचा. जीपभोवती तीन चकरा मारल्या, खाली वाकून बघितलं, गुडघे झटकले आणि म्हणाले, "अण्णा, पासष्ट हजार देतो."

मी आत भाकरी थापत होते, हात तसाच राहिला. पासष्ट हजार... गिरणी, मोटर, वजनकाटा, वरून खोलीला नवे पत्रे, सगळं डोळ्यापुढं आलं.

मामंजी म्हणाले, "न्हाई."

"का हो?"

"नवी व्हती तवा तेरा हजार सातशे. तेहतीस वर्षं दामटून वरून जास्त घ्यायचे, म्हंजे लुबाडणंच की. वापरलेली हाये, हजार कमी द्या. बारा हजार सातशे."

आता माणूस कितीही सज्जन असला तरी व्यापारी तो व्यापारीच, भुजंगरावांचा हात खिशात गेलासुद्धा. मी आमच्या ह्यांच्याकडं बघितलं. हे खांबाला टेकून उभे. "बाप म्हणतो ते बराबर," म्हणाले. तो खांब तरी काही बोलला असता.

मग मलाच बोलावं लागलं. पण मी मामंजींशी समोर तोंड करून बोलत नाही, आमच्याकडं रीत नाही तशी. पदर नीट करून दाराआडून बोलायचं, आणि तेही दुसऱ्या कुणाला तरी. दारात कोंबडी होती. मी म्हटलं, "काय गं कोंबडे, नुसती नवी किंमत धरून कसं चालंल? टायर बदलले, बॅटऱ्या बदलल्या, इंजिन खोललं, तो खर्चा किमतीत धरायचा का न्हाई?"

मामंजी कोंबडीकडं बघत राहिले. मग तिलाच म्हणाले, "बोललीस तर बराबर. बोलवा मिस्त्रीला."

मी दहावीपर्यंत शिकलेली, तोंडी हिशेब पक्का, वाटलं जिंकले.

निजामोद्दीन मिस्त्री आले. या जीपला तेहतीस वर्षांत दुसऱ्या माणसाचा पाना लागलेला नाही. डोळे मिटून सांगायला लागले, टायर सतरा हजार सहाशे, इंजिनाचं सामान साडेबारा हजार, बॅटऱ्या नऊ हजार दोनशे, टप आणि शिटा साडेचार... मी दाराआडून बेरीज करतेय, तेरा सातशे धरून साडेसत्तावन्न हजार झाले. बस! पासष्टाच्या आत बसलं. मी घाईघाईनं चहा पाठवला, म्हटलं आता यांचं तोंड त्यात गुंतू द्या.

मिस्त्रींनी एक घोट घेतला. "अरे, गेरबॉक्स राह्यला. पाच हजार." साडेबासष्ट. मी बांगड्या वाजवल्या. मी खोकले. भांडं पाडलं.

"अन पुंजाराम, पुढचा डिफ्रन्सल भूल गया क्या? ज्याच्यानं पुढची चाकं ओढतात तो? सहा हजार."

साडेअडुसष्ट.

"म्हंजे पासष्टाला दिली तर साडेतीन हजाराचा तोटा," मामंजी म्हणाले. "तोट्यात कोण इकतं?"

भुजंगरावांनी त्या कोंबडीकडं असं बघितलं, की रात्रीच्या जेवणाला तिलाच मागतात की काय. पण नाद म्हणजे नादच. म्हणाले, "घ्या साडेअडुसष्ट. झालं?"

झालं होतं हो. खरंच झालं होतं. पण आमचे मामंजी न्यायाचे. "मिस्त्री, तुझी मजुरी किती धरू?"

"कैसी मजुरी? मी कधी घेतली?"

"न्हाई घेतली म्हनून तर इचारतो. हिच्यात लागली तर हाये."

मिस्त्रींनी कप खाली ठेवला. "तेहतीस बरस तुझ्या घरी चहा पिलो, भाकर खाल्ली. आता दोस्तीचे पैसे सांगू? तू लावतो का भाकरीचे?"

मामंजींनी मिस्त्रींचा कप उचलून परत त्यांच्या हातात दिला. मग भुजंगरावांना म्हणाले, "मालक, जिची पुरी किंमतच लागत न्हाई, ती इकायची कशी? चहा घ्या, थंड व्हतोय."

भुजंगराव गेले. हे खांब सोडून म्हणाले, "बराबर हाये." कोंबडीनंसुद्धा माझ्याकडं पाठ केली.

मामंजींना मात्र काहीतरी लागलं असावं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपणहून माझा दळणाचा डबा जीपमध्ये ठेवला आणि मला राजूरच्या गिरणीवर नेलं, येताना जीप चालू होईना, म्हणून मी आणि गिरणीवाला मागून ढकलत होतो, आणि मामंजी स्टेअरिंगवर बसून त्याला सांगत होते, "नवी व्हती तवा तेरा हजार सातशे."