सुमनचं ‘खाली’

चहा निवू दे, आधी हे ऐका. दीर गेल्यापासून माझी धाकटी जाऊ सुमन जेवेना, झोपेना. शाळा मी पाहिली नाही, पण वाचायला माझी मीच शिकलेय. औषध मीच निवडणार म्हणून तिला देवास गेटच्या जडीबुटीवाल्याकडे नेलं.

“तकलीफ क्या है, माताजी?”

सुमन म्हणाली, “खाली खाली लगता है.”

“मन का खालीपन! ब्राह्मी लीजिए. एकदम नॅचरल, नुकसान कुछ नहीं.”

“धोतराही नॅचरलच असतो, भैया,” मी म्हटलं आणि डबीवरचं वाचू लागले. पण सुमन हिंदी बोलते तीसुद्धा मराठीतच, हे मला ठाऊक. विचारलं, “खाली म्हणजे काय गं? रिकामं?”

“नाही ताई. गच्चीवरून दिसतं ते. तिकडेच जावंसं वाटतं.”

डबी तिथेच टाकली. तिचं मनगट धरून रिक्षात घातलं ते थेट मनाच्या डॉक्टरकडे.

आता गोळ्या मीच देते. गच्चीची किल्ली माझ्या कमरेला असते. सुमन रोज विचारते, “ताई, वरून कपडे आणू?”

मी म्हणते, “बस तू. मी आणते.”