कुंडात उतरण्याआधी

वायादोलिद गावाला जाणाऱ्या व्हॅनमध्ये मागच्या बाकावर दोन बायका बोलत होत्या. त्यांना उद्या चुनखडीच्या कुंडात पोहायला नेणारा आस्तेरिओ नेमका पुढेच बसला होता, पण त्या त्याला ओळखत नव्हत्या. बायको गेल्यापासून त्याला ऐकण्याचीच सवय.

"नेरी, पोहायचे कपडे घेतलेस?"

"घेतले. पण मला पोहता येत नाही हं."

"चल! विहिरीत पडलेल्या बादल्या बुडी मारून तूच काढायचीस!"

"हळू बोल गं, सोकोरो! ज्यांना येत नाही, त्यांचा हात तो वाटाड्या आस्तेरिओ सोडत नाही म्हणे."

"अगं, आजी झालीस तू! लाज नाही वाटत?"

"वाटते की. म्हणून तर पाण्यात धरायचा, कोणाला दिसत नाही."

संध्याकाळी आस्तेरिओने गुळगुळीत दाढी केली.

सकाळी कुंडाच्या काठावर त्याने विचारलं, "पोहता कोणाला येत नाही?"

नेरीचा हात वर जाण्याआधीच सोकोरोचा गेला.