नकाशावरचा सर्वांत गडद ठिपका

"हॅलो?… हो, मीच. माझा फोन दुसरं कोण उचलणार?… उठलेय कधीची. प्रार्थना झाली, चहाही झाला… हो गं खारू, आहे लक्षात. आज तुझी मुलाखत. कशी विसरेन?"

विसरायचं म्हटलं असतं तरी ताईला विसरता आलं नसतं. समोर लॅपटॉप उघडा होता आणि त्यावर धाकट्या बहिणीचा नकाशा. 'एकदा नजर टाक' एवढंच लिहून खारूने तो काल पाठवला होता. विद्यापीठात जैवविविधतेच्या माहितीचं नवं केंद्र निघत होतं आणि त्याच्या प्रमुखाची निवड आज व्हायची होती. माहितीशास्त्र आणि जीवशास्त्र, दोन्ही डगरींवर पाय ठेवून न पडणारं माणूस त्यांना हवं होतं. खारू जीवशास्त्राकडची. लहानपणी खारीसारखे खिसे भरभरून गोगलगायी घरात आणायची, म्हणून खारू. माहितीशास्त्र ताईचं.

"काय घालू म्हणजे?… निळा घाल. निळा तुला खुलतो… हो, खरंच सांगतेय. खोटं बोलते का मी कधी?"

ते मात्र खरं होतं. दिवसभरात एकही खोटा शब्द तोंडातून काढायचा नाही, हा ताईचा कित्येक वर्षांचा नेम. रोज सकाळी डोळे मिटून ती तो देवासमोर नव्याने घ्यायची. आज घेताना तिने एक डोळा उघडून लॅपटॉपकडे पाहिलं होतं.

"आईचा?… हो, मलाही आला होता फोन. सगळ्या नातेवाइकांना कळवून झालंय… घराण्यातली पहिली प्रोफेसर, हो. ऐकलं मी. दोनदा ऐकलं."

ताईला डॉक्टरेट मिळून युग लोटलं होतं. आई अजूनही लोकांना सांगायची, थोरली ना, लायब्ररीत असते.

"नकाशा?… हो, पाहिला… रंग सुरेख निवडलेस. अक्षरं मागच्या रांगेतूनही वाचता येतील… हो, ठिपक्यांचे आकारही छान."

यातलं काहीही खोटं नव्हतं. रंग सुरेखच होते. नकाशावर गोगलगायींच्या जुन्या-नव्या नोंदी ठिपक्यांनी मांडल्या होत्या. जिथे जाती जास्त, तिथला ठिपका गडद. मधोमध एक काळाकुट्ट ठिपका होता, आणि गोगलगायींसाठी सर्वांत आधी हीच जागा राखली पाहिजे, असं खारू समितीला सांगणार होती. ताईने तो ठिपका काल मोठा करून पाहिला, अजून मोठा केला, आणि तिला हसूच आलं. ती जागा म्हणजे गोगलगायींचे जुने नमुने ठेवलेल्या संग्रहालयाचं पार्किंग. जुन्या नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवर गोगलगाय कुठे सापडली हे पुष्कळदा लिहिलेलंच नसतं. माहिती संगणकात भरणाऱ्याला रकाना रिकामा बघवला नव्हता. त्याने तिथे संग्रहालयाचा पत्ता टाकला होता. मग काय, दूरदूरच्या रानांतल्या, बेटांवरच्या गोगलगायी एका रात्रीत पार्किंगमध्ये राहायला आल्या. होत्या तशा तिथेच, नाही कशाला म्हणा. पण बाटल्यांत, स्पिरिटमध्ये बुडवलेल्या.

समितीतल्या एकाने जरी हे ओळखलं, तरी खारूचं हसं होणार होतं. आणि रंगांचं कौतुक करून ताई गप्प बसली होती. नरो वा कुंजरो वा. तेवढ्यानेही धर्मराजाचा रथ जमिनीला टेकला होता, हे तिला ठाऊक होतं.

"काय सांगणार आहेस सुरुवातीला?… ती तीन नावांची गोष्ट? हं… हो, चांगली आहे ती गोष्ट."

चांगली असणारच. एकाच गोगलगायीला तीन संग्रहालयांत तीन नावं असतात आणि यंत्राला वाटतं त्या तीन वेगळ्या. त्यांची गाठ कशी घालायची, हे ताईनेच तिला जेवणाच्या टेबलावर काटे-चमचे मांडून शिकवलं होतं. त्यावर खारूचे लेख झाले, परदेशवाऱ्या झाल्या. आभाराच्या ओळीत ताई असायची, शेवटून दुसरी. आयत्या बिळावर नागोबा, असं तिच्या मनात आलं, आणि लगेच तिने मनातल्या मनात देवाचे पाय धरले.

"हं… हं… बोल ना, ऐकतेय… काय?… कोणी सांगितलं तुला?"

ताईने लॅपटॉप थोडा दूर सारला.

"कार्यालयातल्या बाईंनी. बरं… हो. केला होता अर्ज… याच पदाला, हो… नाही, पहिल्याच चाळणीत गळला. जिवंत प्राण्यांबरोबर कामाचा अनुभव नाही म्हणे. तुला वाढवलं, ते धरलं नाही त्यांनी… हस, हस… तुला का सांगितलं नाही? काय सांगणार होते?… नाही गं, राग कसला… थांब. थांब जरा. हे खोटं झालं."

खिडकीबाहेर कोणीतरी सायकलला कुलूप लावत होतं. ताईने उठून खिडकी लावून घेतली.

"राग आलाय. पोटात दुखतंय माझ्या, खारू… तुझ्यावर नाही, त्या समितीवर… नाही, तुझ्यावरच… अगं, रडतेस काय? आत जायचंय तुला. डोळे पूस… ऐक ना. अगं ऐक. नकाशा उघड."

आता तिचा आवाज काटे-चमचे मांडून शिकवतानाचा झाला.

"तो मधला ठिपका. मोठा कर… अजून… अजून कर. काय दिसतंय?… इमारत, बरोबर. कुठली?… आणि दारासमोर?… हो. पार्किंगच आहे ते… हॅलो? आहेस ना?… बस खाली. पाणी पी आधी."

पाण्याचा पेला टेकल्याचा आवाज आला, आणि मग तो प्रश्न, ज्याची ताई वाट पाहत होती.

"काल. पाहिला तेव्हाच… मग आत्ता का? आत्तापर्यंत सांगायचं नव्हतं म्हणून."

तरी फोन कोणी ठेवला नाही.

"वेळ आहे अजून. संग्रहालयाचा पत्ता असलेल्या सगळ्या नोंदी निवड आणि बाजूला काढ. पुसू नकोस, बाजूला. वर लिही, ठिकाण माहीत नाही… झालं? दे आता नकाशा नव्याने काढायला… ओकाबोका दिसतो? दिसू दे. जे ठाऊक आहे तेवढंच दिसतंय… मग दाखवू काय म्हणजे? दोन्ही दाखव. आधी जुना, मग नवा. म्हणावं, माहिती माणसं भरतात, आणि माणसांना रिकामी जागा सोसत नाही. केंद्र हवंय ते याचसाठी… हो, असंच म्हण. माझं वाक्य आहे, पण वापर."

खारूने काहीतरी हळू आवाजात विचारलं.

"चूक कोणी पकडली विचारलं तर?… नको, माझं नको… नाही, सांग. नाव सांग. पदवीसकट सांग."

ताईने डोळे पुसले; चष्मा पुसावा तसे, घाईने.

"शुभेच्छा?… आहेत ना… मनापासून? खारू, मनापासून अजून होत नाहीयेत. प्रयत्न करतेय… तशाच घेतेस? घे… हो, निळाच. जा आता, उशीर होईल… आणि ऐक. निकाल काहीही लागू दे, पहिला फोन मला कर. आईला नंतर."