एका ओळीचं पत्र

हैदराबादेत शिकणाऱ्या लेकासाठी लाडवांचं पुडकं घेऊन इरम्मा परंड्याच्या टपाल कचेरीत रांगेत उभी होती. पुढं पेठेतले महालिंगप्पा आणि महारुद्र मास्तर बोलत होते.

“तुमचा पोरगा कालेज सोडून आला म्हणं?”

“आला न्हाय मास्तर, म्या जाऊन आणला. लई वाळला व्हता.”

“बुखार?”

“कशाचा बुखार! हिवाळ्यात गडी हसतोय, बोलतोय. आभाळ भरून आलं की भिंतीकडं तोंड करून पडतोय. जेवण न्हाय, किताब न्हाय. दुसरं साल हे.”

“कळवलं न्हाय त्यानं?”

“कळवलं की. हिवाळ्यात चार-चार पानं लिहायचा. श्रावण लागला की एकच ओळ, ‘मी खुशाल आहे.’ आमाला वाटायचं, अभ्यासात असंल. दोस्तानं तार केली तवा उमगलं.”

“आता?”

“उन्हाची तिरीप आली की म्या अंगणात त्याची बाज टाकतो, जवळ बसतो. काल म्हणाला, ‘अप्पा, कशाला आलात तिकडं?’ म्हणलं, उशिरा आलो रे बाबा.”

इरम्माची पाळी आली.

“द्या पुडकं, बाई.”

तिनं ते पोटाशी धरलं. लेकाचं पत्र सकाळी जावेनं वाचून दाखवलं होतं. एका दमात संपलं होतं.

“पाठवायचं न्हाय,” ती म्हणाली. “हैदराबादची रेल धराया कुर्डुवाडीची मोटार कवा सुटती?”