दार मी उघडतो

नाही हो, तुम्हीच सांगा, एखादा माणूस तीस वर्षं देव मानत नाही आणि घरात कोणाला पत्ताच नाही, याला काय अर्थ आहे? आणि आमचा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, लायब्ररीत फाटक्या पुस्तकांना कव्हरं घालतो तो, त्यानं देव मानायचं सोडलं कधी, तर सहा महिन्यांपूर्वी! आणि केवढा बोभाटा! शर्टाला बिल्ला लावून हिंडतो… 'मी निरीश्वरवादी'! जळतो मी. उघड सांगतो, जळतो!

आता माझं काम काय, तर लिफ्ट दुरुस्ती. लिफ्ट अडकली की आतली माणसं देवाचा धावा करतात. मी सात जिने चढून मशीन रूममध्ये जातो, ब्रेक सोडतो, हातानं चाक फिरवून फिरवून लिफ्ट मजल्याला आणतो, धापा टाकत खाली येतो, किल्लीनं दार उघडतो, आणि आतली बाई माझ्याकडे न बघता वर बघते… "देवा, तूच वाचवलंस रे!" अहो, मी समोर उभा! ग्रीसनं बरबटलेला! दार मी उघडतो, आणि आभार त्याचे! असं रोज बघितल्यावर कोण मानेल हो त्याला?

पण मी कधी त्याला नाव दिलं नाही. कशाला द्यायचं? मी वांगं खात नाही, म्हणून काय 'निर्वांगवादी' असा बिल्ला लावू?

तर एका रविवारी सासऱ्यांकडे जेवायला सगळे जमलेलो. साडू सुरू… "बाबा, नास्तिक वेगळा, अज्ञेयवादी वेगळा, निरीश्वरवादी वेगळा!" सासरे रिटायर्ड हेडमास्तर. म्हणाले, "वा! आपण कोण, हे माणसाला ठामपणे सांगता आलं पाहिजे!" आणि तुम्हाला सांगतो, त्यांनी त्याला आपली आरामखुर्ची दिली! कोणाला हातसुद्धा लावू देत नाहीत तिला! आणि मी वीस वर्षं त्या घरात स्टुलावर! मी चिडून म्हटलं, "मीही मानत नाही देव." तर बायको, "हे कोणाचंच मानत नाहीत. डॉक्टरचंसुद्धा!" साडू गोड हसून, "पण दादा, मग तुम्ही स्वतःला काय म्हणवता?" मी म्हटलं, "लिफ्टवाला." सगळे हसले हो… बायको सगळ्यात जास्त.

आणि गेल्या गुरुवारी सासऱ्यांच्याच इमारतीतली लिफ्ट अडकली. आत कोण? सासरे आणि साडू! मजल्याला लागूनच अडकलेली, नुसती किल्ली फिरवायचा अवकाश. पण मी म्हटलं, थांबा! आता घेतो हा देवाचं नाव. ते सासऱ्यांनी एकदा ऐकलं की संपला बिल्ला, सुटली खुर्ची! दाराला कान लावला. आतून साडू काय म्हणावा? "बाबा, घाबरू नका. मेकॅनिक येईल, दार उघडेल."

मेकॅनिक! तीस वर्षांत पहिल्यांदा आतून कोणी माझं नाव काढलं, आणि काढलं कोणी… यानं! पाच मिनिटं झाली, तरी देवाचं नाव नाही. मग काय सांगू, माझा तोल गेला. दाराला कपाळ टेकलं आणि तोंडून निघालं, "देवा, पाया पडतो तुझ्या! एकदा, फक्त एकदा याच्या तोंडी तुझं नाव येऊ दे रे!"

ऐकलं त्यानं? छे! तीस वर्षांत एकदा मागितलं, तेही दिलं नाही! उघडलं दार, काय करता.

साडूनं माझा ग्रीसचा हात दोन्ही हातांत धरला, "दादा, तुमचेच आभार!" अगदी मनापासून. असा राग आला!

आणि सासरे… डोळ्यांत पाणी. जाड दारातून त्यांना 'देवा' आणि 'पाया पडतो' एवढंच ऐकू आलेलं. "जावईबापू, आमच्यासाठी धावा करत होतात ना? इतके भाविक आहात, कधी बोलला नाहीत!"

या रविवारी सगळ्यांसमोर मला हाताला धरून आरामखुर्चीत बसवलं. साडू स्टुलावर. सासरे म्हणतात, "त्या दिवशी देवानंच तुम्हाला पाठवलं!" बघा! दार मी उघडतो, आणि आभार त्याचे!

खरं सांगून टाकणार होतो हो, अगदी ओठांवर आलं होतं… पण ते स्टूल फार टोचतं.