तानीबाई गाडी तापवते

समता : आई, अगं काचेवर हा झुणका कुणी फासला?

तानीबाई : झुणका? कुठल्या काचेवर?

समता : गाडीच्या! दवानं काच धुरकट दिसली म्हणून वायपर लावला, तर पुसायच्या ऐवजी पिवळीधमक झाली. या टोकापासून त्या टोकापर्यंत झुणका. वर कांदा.

तानीबाई : अगं बया! डबा उलथला व्हय? फडक्यात गुंडाळून वायपरला टेकवून ठेवलता की मी. घसरू नये म्हणून.

समता : पण डबा बॉनेटवर कशाला?

तानीबाई : ऊन राहतोय. चुलीच्या वैलावर ठेवल्यावानी.

समता : थांब थांब. बॉनेट ऊन कसं? मी तर आत्ता बाहेर येतेय. गाडी रात्रभर बंद होती.

तानीबाई : उन्हानं तापलं असंल.

समता : अजून उजाडलं नाही, आई.

आक्काताई : तानाक्का! ओ तानाक्का! आज बी झालं बघ!

समता : काय झालं, मावशी?

आक्काताई : तू हाईस व्हय डॉक्टरीण? बरं झालं, तुलाच सांगतो. मी दारात सडा टाकाय आलतो. गल्लीत कुत्रं सुदीक न्हाय. आन् तुमची गाडी घुर्रर्र करून आपली आपण चालू! दिवं लागलं, आत माणूस न्हाय. मी बादली तितंच टाकून घरात पळालो. शेजारधर्म म्हणून सांगतो, ह्यात कायतरी हाय. आमचं मालक म्हणत्यात, पोरगी रोज लोकास्नी भूल देती, त्यातला कोणतरी मागं मागं आला असंल.

समता : मावशी, मी भूल देते ते लोक परत उठतात हो. सगळे उठतात, चहा मागतात.

आक्काताई : मग गाडीत कोण बसतंय?

समता : तेच विचारते. आई, दुसरी चावी कुठाय?

तानीबाई : हाय की.

समता : कुठे?

तानीबाई : चंचीत. पानासंगं.

समता : आई!

तानीबाई : वरडू नगंस. तूच दाखवलंतीस, गाडी आणलीस त्या दिशी. हे बटण दाबून धरलं की घरात बसून चालू होती म्हणून. मग मी धरतो. तवा चुलीवर टाकला की बटण दाबतो, भाकरी थापस्तोवर गाडी बी तापती.

आक्काताई : म्हंजे भूत तू व्हय गं भवाने! रोज लिंबू उतरून टाकतोय मी!

समता : कधीपासून चाललंय हे?

तानीबाई : थंडी पडल्यापास्नं. आन् ती गाडी बी लबाड हाय. जरा वेळ चालती की गप्प बसती. मग परत दाबाय लागतंय.

समता : अगं, ती मुद्दाम बंद होते, पेट्रोल वाया जाऊ नये म्हणून! आणि मी दोनदा मेकॅनिककडे नेली, ॲव्हरेज का देत नाही म्हणून. तो मला म्हणतो, मॅडम, तुमचा पाय जड आहे.

आक्काताई : पाय जड? कुणाचा? आन् मला कोण सांगणार का न्हाय?

समता : मावशी, ॲक्सिलरेटरवरचा पाय! तुम्ही लगेच बारशाला पोचू नका.

तानीबाई : हे बघ समा, तुला ठावं न्हाय. आम्ही वखारीत होतो तवा तंबाखूची लॉरी थंडीत चालूच व्हायची न्हाय. डायवर इंजिनाखाली शेकोटी करायचा, आन् आम्ही बायका ढकलायचो. आन् तुझा आप्पा एकदा तसल्याच गार गाडीतनं पोती घिऊन गेलता. घाटात बंद पडली. रातभर कुडकुडत बसला, सकाळी परत आला तवा दात वाजत होतं. गार गाडीवर भरोसा न्हाय बाई.

समता : ती जुनी डिझेलची लॉरी होती. ही तशी नाही. हिला चालू करायचं, पट्टा लावायचा, निघायचं. पहिले दोन-चार मैल जरा सावकाश हाकायची, चालता चालताच तापते ती. उभी करून तापवायची गरज नाही.

तानीबाई : उभ्यानं तापायची गरज न्हाय?

समता : नाही. बटण आहे ते हौसेचं. बर्फ पडतो तिथल्या लोकांना काच वितळवायला उपयोगी. निपाणीत कुठलं बर्फ?

आक्काताई : काल माझं खोबरेल थिजलंतं.

समता : खोबरेलाचं सोडा, मावशी. आई, ऐक. मला आज संध्याकाळपर्यंत दवाखान्याजवळच्या त्या अनगोळच्या फ्लॅटचं सांगायचंय. नाही म्हटलं तर मालक दुसऱ्याला देतोय.

तानीबाई : आलं का घोडं परत तितंच. सांगितलं न्हवं? तू जा, मी हितं बरी हाय.

समता : तुला एकटीला टाकून मी जाणार नाही, हेही सांगितलंय.

तानीबाई : मग जाऊन-येऊन कर की. एवढी गाडी घेतलीयास. मी तिसऱ्या मजल्यावर काय करू? कोरंट गेला तर त्या लिफ्टच्या पाळण्यात लोंबकळत बसू? चूल पेटवली तर खालचा वर येणार, वरचा खाली. हे घर तुझ्या आप्पानं आन् मी वखारीच्या पगारातनं एकेक भिंत करून बांधलंय. आन् हाक कुणाला मारू तितं? कानडी शिकू आता ह्या वयात?

आक्काताई : तुला कानडी येतंय की! बाजारात भाव पाडतीस तवा कुठनं येतंय?

तानीबाई : तू कुणाच्या बाजूची हाईस?

आक्काताई : मला इचारू नगंस. तू गेलीस की गल्ली खायाय उठंल मला, खरं सांगतो. पण पोरीचं तोंड बघितलंयस का जरा? लोकास्नी झोपवती, स्वतः कवा झोपती?

तानीबाई : म्हणून तर गाडी तापवतोय की मी. तिला घाटात तरास नगं म्हणून. तवंदीच्या वळणांवर धुकं असतंय. ही गेली की माझं चित्त थाऱ्यावर नसतंय, पोचल्याचा फोन येस्तोवर घोट उतरत न्हाय. गाडी तेवढी धड असावी, एवढंच माझ्या हातात हाय.

समता : आई, गाडी धड आहे. गाडीला थंडी वाजत नाही, झोप येत नाही. दमते ती मी.

तानीबाई : म्हंजे?

समता : सांगणार नव्हते. परवा घाट उतरताना माझा डोळा लागला. मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न मारला म्हणून बरं. बाजूला घेऊन थांबले. भीती वाटली गं मला. तुला काय सांगू, हे सुद्धा सुचेना.

(तानीबाई पदरानं काच पुसू लागते.)

आक्काताई : दे तानाक्का, मी पुसतो. तू नुसतं पसरवाय लागलीयास.

तानीबाई : आन् मी ह्या लोखंडाला शेकत बसलोतो. पोटची पोर थकून समोरनं जायाची आन् मी इंजिन बघायचो. काय म्हणावं मला.

समता : असं नको म्हणू. रोज गरम भाकरी खाऊन निघते मी, तुझ्यामुळं.

तानीबाई : झुणका आज वायपरनं खाल्ला. आक्काताई, माझ्या घराला कडी घाल. चहा चुलीवर हाय, तेवढा तू पी.

आक्काताई : आन् तू?

तानीबाई : मी हिच्यासंगं चाललो. शाल घेतलीया.

समता : अगं पण मला दुपारपर्यंत ऑपरेशनं आहेत. तू कुठे थांबणार?

तानीबाई : दवाखान्याच्या बाकड्यावर. चार माणसं भेटतील, कानडी बी घासून निघंल. वाटंत तुझ्याशी बडबड करतो, झोपू देत न्हाय.

समता : म्हणजे दुपारी घर बघायला येतेस?

तानीबाई : एवढ्यात हुरळून जाऊ नगंस. नुसतं बघतो. हे दार कुठनं उघडतंय?

समता : इथून. बस. पट्टा मी लावते. आई, तिसरा मजला आहे, पण उजेड छान आहे. स्वयंपाकघर मोठं आहे. खाली भाजीवाला...

तानीबाई : उजेडाचं मला काय करायचंय.

समता : मग काय बघणार तिथं?

तानीबाई : खिडकीतनं तू घरला येताना दिसतीस का, एवढंच.