काळ्या रंगाखालचं जौहर

मी मूळचा आष्टीचा, बीड जिल्ह्यातली आष्टी. इथं डेहराडूनला कुणी इचारलं तर सांगतो नगरच्या अलीकडं, तर त्यांना नगर बी ठाऊक नसतं, मग गप बसतो. तुमी मराठी बोललात म्हणून एवढं तोंड उघडलं, न्हाईतर दिवसभर हिंदीच. शाळा माझी सातवीला सुटली, कुणी सोडवली न्हाई, मीच सोडली, तवा बोलण्यात मागंपुढं झालं तर लिहिताना नीट करून घ्या.

आमचं बंदूक दुरुस्तीचं दुकान होतं, अब्बांच्या नावावर. बंदुका म्हणलं की लोकांना भलतंच वाटतं, पण आमच्याकडं यायच्या त्या लायसनच्या, बारा बोरच्या दुनळ्या, निजामाच्या काळापासून देशमुख-पाटलांच्या घरात आज्याकडून नातवाकडं आलेल्या. डुकरं भुईमुगात शिरली की एखादा बार काढायचा, आणि खंडेनवमीला हत्यारांसंगं पूजेला मांडायची, एवढंच तिचं काम. घटस्थापना झाली की दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. अब्बा हसायचे, म्हणायचे लोकाच्या ईदा दोन, आपल्या घरात तीन.

त्यांची एक रीत होती. जुनी बंदूक हातात आली की नाव वाचायचे न्हाईत, नाव कुणीबी कोरतं म्हणायचे. आधी मोडून, म्हंजे बिजागरीवर उघडून, दोन्ही नळ्या रिकाम्या हायत का बघायचे, मालकानं शपथ घेतली तरी बघायचे. मग नळीखालचं पुढचं लाकूड उतरवून तिच्या पोटाकडं बघायचे, कावून की वरची बाजू माणसं घासत्यात, पुसत्यात, पोटाला कुणी हात लावत न्हाई, तिथं नळी खरं बोलती. तिथंच जौहर दिसतं. जौहर म्हंजे काय सांगू तुमाला, जुन्या कारागिरांनी लोखंडाच्या आन् पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून केलेली नळी, तिच्यावर पाण्याच्या लाटांवानी नक्षी उमटती. लई देखणी. पण ती जुन्या काळ्या दारूसाठी केलेली, आजच्या काडतुसाचा जोर तिला सोसवंलच असं न्हाई, आणि फाटली तर बहुतेक तिथंच फाटती जिथं आपला डावा हात असतो. जौहर दिसलं की अब्बा मालकाला सांगायचे, हिला हार घाला, काडतूस घालू नका.

एवढं सगळं मला माहीत होतं. तरी माझ्या हातून झालं ते झालं.

अब्बा नगरला दवाखान्यात होते, त्यांचं शेवटचंच दुखणं ते. नवरात्र तोंडावर. मी पंचवीस वर्षांचा, दुकानात एकटा. आष्टीच्या पलीकडं एका गावातले देशमुख, आमी त्यांना अण्णा म्हणायचो, ते बंदूक घेऊन आले, अब्बांच्या हाताखालून ती कधी गेली नव्हती. म्हणले काय बे उस्ताद, बाप न्हाई तर दुकान झोपलं का. म्हणलं न्हाई अण्णा, द्या की. म्हणले हिला पार गंज चढलाय, यंदा पूजेला नवी नवरी दिसली पायजे. मला लई बरं वाटलं, अब्बा नसताना अण्णांनी काम माझ्यावर टाकलं म्हणून. नळी गंजून करडी पडलेली. मी पॉलिश पेपरानं घासत गेलो. घासताना बारीक रेघा दिसल्या होत्या, खोटं कशाला बोलू, दिसल्या होत्या. मनाला म्हणलं गंजाच्या असतील, आणि त्या जाईपर्यंत घासलं, वरून मसाला लावून नळी काळीकुट्ट केली, भुंग्यावानी. लाकडाखालचा भाग घाईत तसाच ठेवला, कोण बघतंय तिथं. अण्णा न्यायला आले तर दहादा उलटीपालटी करून बघितली आन् म्हणले, बापाच्या वर गेलास की रं. वाजंल ना इचारलं, तर मी म्हणलं बिनघोर वाजवा.

पंधरा दिवसांत अब्बा गेले. दुरुस्तीचं लायसन त्यांच्या नावाचं, ते माझ्या नावावर झालं न्हाई, आणि लायसन न्हाई तर दुसऱ्याच्या बंदुकीचा खिळासुद्धा मी काढू शकत न्हाई. दुकानाला कुलूप लागलं. मग ह्याच अण्णांनी त्यांच्या वळखीच्या एका रिटायर फौजीला चिठ्ठी लिहिली, त्यानं इथं बंदुकांचं दुकान असलेल्या सरदारजींना सांगितलं. सरदारजी म्हणले, बापानं शिकवलंय ना, मग ये. आज सहा वर्षं त्यांच्या लायसनखाली काम करतो, त्यांच्या दुकानावरच्या खोलीत राहतो, एक दिवस वाकडा शब्द न्हाई त्यांचा. हे उपकार मी कुठं फेडू. पण देवाशप्पत, आष्टीचं कुलूप रोज डोळ्यापुढं येतं, त्याच्यावर कुणी तेल सोडत असंल का म्हणून.

गेल्या श्रावणात काय झालं, सरदारजींकडं एक जुनी दुनळी आली, काळी चकचकीत. त्यांनी नळीच्या पोटाला रंग उतरवायचा मसाला जरासा चोळून कापसानं पुसलं, तर खालून लाटा वर आल्या. त्यांनी चष्मा काढून ठेवला. म्हणले, बेटा, ज्यानं हे झाकलं त्यानं बंदूक न्हाई रंगवली, कुणाचा तरी हात तोडून ठेवलाय, फक्त तारीख लिहायची राहिलीय. मी वर खोलीत जाऊन बसलो. त्या रेघा. अण्णांची नळी. सहा वर्षं.

लगेच फोन केला असं न्हाई, दोन दिवस गेले. ज्या माणसानं चिठ्ठी लिहून पोटाला लावलं त्याला कसं सांगू की मी तुमाला फसवलंय. तिसऱ्या दिवशी लावला. अण्णा म्हणले, अरे तूच का, बरी आठवण काढलीस, परवाच नवी काडतुसं आणलीत, डुकरांनी मका झोपवलीय. म्हणलं अण्णा, ती बंदूक वाजवू नका. म्हणले कावून. म्हणलं नळी जौहरची हाय, मी काळी करून झाकली. तर हसायलेच. म्हणले वेड लागलं का तिकडं डोंगरात, तू दिल्यापासून मी दोन बार काढलेत, काय झालं न्हाई. म्हणलं दोन सोसले म्हणून तिसरा सोसंल असं न्हाई, अण्णा. म्हणले तवा तर तुला लई खात्री होती.

मी म्हणलं माझ्यावर इस्वास ठिवू नका, नळीवर ठेवा. आधी मोडून बघा, रिकामी हाय का. मग पुढचं लाकूड उतरवा, उजेडात न्या, पोटाकडं बघा, तेवढी जागा मी घासली नव्हती, कामचुकारपणा केलता. ते कुरकुरले, सुनेला चष्मा मागितला, फोन कुठंतरी ठेवला. लोखंडाचा आवाज आला, मग कायच न्हाई, नुसता दूरवर बैलाच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज. मला वाटलं फोन कटला. मग अण्णा हळूच म्हणले, रेघा हायत रं. पाण्यावानी. बारीक बारीक.

मी म्हणलं, मापी करा.

अण्णांनी लाकूड परत बसवलं, खटका ऐकू आला. मग म्हणले, दुसऱ्या बाराला माझा नातू शेजारी उभा होता. एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

काडतुसं त्यांनी दुकानदाराला परत केली, ते नंतर कळलं. बंदूक पूजेला ठेवली. खंडेनवमीला त्यांचा फोन आला, आपणहून, म्हणले हार घातलाय हिला, तू एकदा ये आन् तुझं काळं तूच उतरव. मला रडू आलं. येतो म्हणलं, पण कसा येणार, नवरात्रात इथं कामाचा ढीग, आणि आलो तरी तिकडं तिला हात लावायचा कागद माझ्याकडं न्हाई. अण्णांना ते माहीत हाय. तरी म्हणले.

अण्णा तिला आता तेल देत न्हाईत म्हणे. बंदूकवाल्याच्या पोरानं असं बोलू नये, पण मला वाटतं गंज चढावा तिच्यावर. सावकाश चढावा, आणि माझा रंग खाऊन टाकावा. अण्णांचे दोन्ही हात अल्ला सलामत ठेवो, आणि त्या नातवाचेबी.